स्टेटसलाही काटा असावा



आमच्या किराणा दुकानातल्या वजनकाट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून तपासणी होते. मुद्रा बसली, प्रमाणपत्र मिळालं की सासरे ते गिऱ्हाइकाला दिसेल असं समोरच्या भिंतीवर लावतात. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी फडक्याने काटा पुसायचा, तो शून्य दाखवतोय ना ते बघायचं, नवकार म्हणायचा आणि मगच पहिलं वजन करायचं, हा त्यांचा नेम. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला त्याचं हसू यायचं. आता येत नाही. का येत नाही, तेच आज सांगायचं आहे.

गेली तीन वर्षं आमचं आणखी एक दुकान चालतं, ते माझ्या मोबाइलवर. तिथे गल्ला नाही, फळी नाही, काटाही नाही. आहे फक्त व्हॉट्सॲपचं स्टेटस, एक ब्रॉडकास्ट लिस्ट आणि भाचीने उघडून दिलेलं इन्स्टाग्रामचं खातं. या दुकानात मी एकदा खोटं माप दिलं. ग्रॅम-किलोचं नव्हे, शब्दांचं. पण खोटंच.

आमचं आंबवडे तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. भोरहून रायरेश्वराकडे जाताना लागतं. नागेश्वराचं मंदिर, पंतसचिवांच्या काळातला झुलता पूल, कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या, असं बघण्यासारखं इथे बरंच आहे. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं येतात, पुलावर उभी राहून रील काढतात आणि जाताना पाण्याची बाटली घ्यायला दुकानात थांबली की हमखास विचारतात, "इथला इंद्रायणी मिळेल का हो?"

मिळतो की! पावसाळ्यात आमचं सगळं खोरं भाताने हिरवं होतं. दिवाळीच्या आगेमागे कापणी, झोडणी, मग गिरणीवर भरडाई. ज्यांच्या घरी खाऊन उरतो ते विकतात. पूर्वी तो बहुतेक व्यापाऱ्याच्या भावाने जायचा. एका ताईंनी पाच किलो नेला, महिन्याने फोन करून दहा किलो मागितला, त्यांच्या सोसायटीतल्या दोघींनी माझा नंबर घेतला आणि माझं हे दुसरं दुकान सुरू झालं. दुकानाचा माल आणायला टेम्पो पुण्याला जातोच. आधी रिकामा जायचा, आता तांदळाच्या पिशव्या घेऊन जाऊ लागला. मग तांदळाबरोबर गावातल्या तिघींचे उडदाचे पापड आले, माझे खाखरे आले. भाडं नाही, जाहिरातीचा खर्च नाही. घरचं सगळं आवरून दुपारी तासभर मोबाइल घेऊन बसलं की झालं. ज्या बाईने कधी भोरच्या बाजारात पाटी घेऊन बसायचा विचार केला नसता, तिचा पापड आज कोथरूडच्या ताटात जातो. सोशल मीडियाचे दोष मोजायला मी पुढे बसणारच आहे, पण त्याचं हे देणं आधी मान्य करायला हवं.

आता माझी चूक.

दीड वर्षापूर्वीच्या हिवाळ्यात गावातल्या एका मावशींचा तांदूळ विकायला घेतला. आठ पोती. मावशी म्हणाल्या, "भाभी, संक्रांतीपतुर पैसं झालं तर बरं. नातीची फी भरायचीय." मी म्हटलं, काळजीच करू नका. आणि रात्री बसून स्टेटस तयार केलं. इंटरनेटवरून एक सुंदर फोटो घेतला. पायऱ्यापायऱ्यांची हिरवीगार शेतं, वर धुकं. त्यावर लिहिलं: 'आंबवड्याचा १००% सेंद्रिय, हातसडीचा, पूर्वापार देशी इंद्रायणी. मर्यादित साठा. आजच बुक करा.'

एका ओळीत किती खोटं मावतं बघा. मावशी शेतात युरिया टाकतात. तांदूळ गिरणीवर भरडलेला होता, हातसडीचा नव्हता. साठा मर्यादित कसला, आठच्या आठ पोती ओसरीवर उभी होती. फोटो आमच्या शेताचा नव्हता. आणि इंद्रायणी 'पूर्वापार देशी' नाही, हे तर मला ठाऊकही नव्हतं. तो आंबेमोहराचा संकर करून तयार केलेला सुधारित वाण आहे, १९८७ साली आलेला. म्हणजे माझ्या धाकट्या दिराच्या वयाचा!

हे लिहिताना मला आपण खोटं बोलतोय असं जराही वाटलं नाही. ही कबुली सगळ्यात महत्त्वाची आहे. कारण सगळेच असं लिहितात. दहा जणींची स्टेटस बघितली की 'सेंद्रिय', 'घरगुती', 'अस्सल', 'शुद्ध' हे शब्द मिठासारखे आपोआप हाताला लागतात. आपण चिमूट टाकतो आणि पुढे जातो.

ऑर्डरी धडाधड आल्या. चौदा घरं. पाच पोती चार दिवसांत गेली. किल्ल्यांवर फिरणाऱ्या एका दादांनी तेवढं विचारलं, "ताई, फोटो नक्की कुठून काढलाय? मागे रायरेश्वर दिसत नाही." मी उत्तर टाळलं.

आठवड्याने मावशी दुकानात आल्या. त्यांचा मुलगा पुण्याला कामाला आहे, त्याच्याकडे कुणीतरी माझाच मेसेज फॉरवर्ड केला होता. मावशी रागावल्या नव्हत्या, गोंधळल्या होत्या. "भाभी, आपल्या तांदळाला सेंद्रिय म्हणून लिवलंय म्हणं तुम्ही? मी तर युरिया टाकलाय की. उद्या कुणी इचारलं तर मी काय सांगू?"

सासरे गल्ल्यावर बसले होते. काही बोलले नाहीत. त्यांनी नुसतं भिंतीवरच्या त्या प्रमाणपत्राकडे पाहिलं. मला तेवढं पुरलं.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले. तिसऱ्या व्रताचे अतिचार आपण किती वर्षं म्हणतो आहोत! चोरी करणार नाही, एवढंच ते व्रत नाही. वजनमापात कमीजास्त करणं आणि हलका माल चांगल्याच्या नावाने खपवणं, हेही त्याच व्रताचे दोष. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्यांना नावंच आहेत, हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार. आणि दुसऱ्या, सत्याच्या व्रतात कूटलेखक्रिया, म्हणजे खोटं लिहून ठेवणं. तेव्हा ना छपाई होती ना मोबाइल. तरी व्यापार करणारा माणूस कुठे कुठे घसरेल याची यादी त्यांनी करून ठेवली, आणि मी त्यातल्या दोन ठिकाणी एकाच स्टेटसमध्ये घसरले. तोंडाने मिच्छामि दुक्कडम् म्हटलं, पण चौदा घरांत तांदूळ शिजत होता त्याचं काय?

दुसऱ्या दिवशी चौदाही जणींना मेसेज केला. तांदूळ चांगला आहे, आमच्याच गावचा आहे, पण सेंद्रिय नाही, हातसडीचा नाही, फोटोही इथला नाही. नको असेल तर परत पाठवा, टेम्पो येतोच आहे, पूर्ण पैसे देते. चौघींनी परत पाठवला. एकीने फार कडक शब्दांत लिहिलं, आणि तिचं बरोबर होतं. तिच्या घरी आजारी माणूस होतं, 'सेंद्रिय' वाचूनच तिने घेतला होता. बाकीच्यांनी ठेवून घेतला. पण पुढची तीन पोती मात्र हलेनात. स्टेटसवर खरं लिहिलं आणि विचारपूस बंद.

मावशी एकदाच बोलल्या, "खरं बोल्लो आनि माझंच पोतं पडून राह्यलं की वो भाभी."

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. खोटं मी बोलले, खरंही मीच बोलले, पुण्य मिळालंच असेल तर तेही माझ्याच खात्यात. पोतं मात्र मावशींचं पडून राहिलं. दुसऱ्याच्या मालाची जाहिरात करताना आपण आपली जीभ वापरतो आणि पत पणाला लागते ती त्याची. संक्रांतीच्या आधी मी त्या तीन पोत्यांचे ठरलेले पैसे माझ्या साठवणुकीतून मावशींना दिले आणि तांदूळ दुकानात नफा न धरता सुटा विकला. होळीपर्यंत चालला. यात मोठेपणा काही नाही. बिल माझं होतं, मी भरलं.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालं आहे. मोबाइलवर वस्तू विकणं वाईट नाही, जाहिरात करणंही वाईट नाही. पण काउंटरवर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून जे वाक्य आपण म्हणणार नाही, ते स्टेटसवर लिहू नये. दुकानात मावशी शेजारी उभ्या असताना मी "हा सेंद्रिय आहे" असं म्हटलं असतं का? कधीच नाही. मग त्या दिसत नाहीत म्हणून लिहिलं कसं?

माझी धाकटी जाऊ हुशार आहे, तिला हे पटत नाही. ती म्हणते, "ताई, खरंखरं लिहिलं तर कोण थांबून वाचणार? त्या इन्स्टाग्रामला चटपटीत लागतं. लोक थांबले नाहीत तर ते पोस्ट पुढे दाखवतच नाही." तिचं म्हणणं खोटं नाही. ज्या पोस्टवर माणसं रेंगाळतात ती जास्त लोकांपर्यंत जाते, असंच ते यंत्र चालतं. त्यामुळे आवाज चढवायचा मोह होतो. पण मी तिला विचारते, आपल्याला विकायचं किती आहे? आपल्याकडे आठ पोती तांदूळ आणि महिन्याला थोडे पापड. लाखभर अनोळखी लोकांनी पोस्ट बघून आपण करणार काय? व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ नंबरांची, आणि तो मेसेजही ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेवला आहे त्यांनाच पोचतो. मला त्या व्यवस्थेत शहाणपण दिसतं. नंबर जपून ठेवणं म्हणजे "पुन्हा लागेल तेव्हा हिलाच विचारू" असं म्हणणं. तांदूळ एकदा घेऊन संपत नाही, तो दर महिन्याला लागतो. चटपटीत पोस्टने पहिली पिशवी जाते, दुसरी जाते ती पहिलीतल्या भातावर.

तिचा दुसरा मुद्दा असा, की सगळेच थोडं वाढवून बोलतात आणि गिऱ्हाईकही ते धरून चालतं. इथे मी मुळीच तडजोड करत नाही. 'जगात भारी पापड' म्हटलं तर ते कौतुक आहे, कुणी शब्दशः घेत नाही. पण 'सेंद्रिय', 'हातसडी', 'साखर नाही', 'अमुक गावचा', 'अमुक तारखेला केलेला' ही कौतुकं नव्हेत, ही मापं आहेत. बाजारात आंबेमोहर म्हणून बाहेरचा, तसाच दिसणारा तांदूळ खपवला जातो, हे आपण सगळ्या जाणतो आणि त्या व्यापाऱ्यांना नावं ठेवतो. मग आपल्या स्टेटसवरचा शब्द वेगळा कसा? जैन घरांत तर हे सांगायलाच नको. पाकिटावर 'जैन' लिहिलेलं असलं की आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. त्यात लसूण निघाली तर कसं वाटतं? सेंद्रिय वाचून घेणाऱ्या त्या ताईला तसंच वाटलं असणार.

आता थोडं कायद्याचं, कारण 'घरगुती आहे, आपल्याला कोण विचारतंय' असा समज फार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, आणि त्याखालचे ई-कॉमर्सचे नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. एखाद्या बाईने घरातलं जुनं कपाट विकलं तर ती त्या नियमांत येत नाही, पण नियमितपणे धंदा म्हणून विकणाऱ्यावर ते बंधनकारक आहेत. विक्रेत्याचं नाव-पत्ता, पूर्ण किंमत, परतीची अट, तक्रार कुठे करायची हे गिऱ्हाइकाला आधी कळलं पाहिजे. स्वतःच गिऱ्हाईक असल्याचं भासवून आपल्या मालाचं कौतुक लिहायला तिथे स्पष्ट मनाई आहे. जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना आल्या. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन कुणी शिफारस करत असेल तर ते नातं उघड सांगावं लागतं. दिशाभूल केली तर दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत जाऊ शकतो. खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो, त्याचा चौदा आकडी क्रमांक असतो. आणि दुसऱ्याकडून माल घेऊन 'सेंद्रिय' म्हणून विकायचा तर त्यामागे प्रमाणीकरण हवं. हे सगळं मला त्या हिवाळ्यात माहीत नव्हतं. माहीत नसणं ही सबब होत नाही, हेही नव्हतं.

तुमच्या-माझ्या आठ पोत्यांवर दहा लाखांचा दंड करायला कुणी आंबवड्याला येणार नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. काट्याची तपासणी करायला वर्षातून एकदा तरी साहेब असतात, स्टेटसची करायला कुणीच नाही. म्हणूनच तर ती आपली आपण करायची. जिथे बघणारं कुणी नाही तिथे पाळलेला नियमच आपला, नाही का?

कौतुकाच्या खोट्या अभिप्रायांचंही असंच. भाचीने मला प्रेमाने सांगितलं होतं, "मामी, माझ्या पाच मैत्रिणींना सांगते, तुझ्या खाखऱ्यांखाली छान छान लिहितील. खाल्ले नसले म्हणून काय झालं?" मी तिला म्हटलं, आधी पाचही जणींना खाखरे दे, मग त्यांना जे वाटेल ते लिहू दे, आणि 'मामीने खायला दिले' हेही लिहू दे. दोघींनी लिहिलं. एकीने लिहिलं, 'मेथीचे आवडले, जिऱ्याचे जरा कडक'. भाची तो अभिप्राय काढून टाकायला निघाली होती, मी राहू दिला. जिऱ्याचे खरंच कडक झाले होते.

आणखी एक गोष्ट मनात आहे, ती कायद्याची नाही, रीतीची आहे. आपल्या संघाच्या ग्रुपवर मागे एका वृद्ध श्राविकेच्या निधनाची बातमी आली. लोक श्रद्धांजली लिहीत होते. मधेच एकीचा मेसेज, 'आजची ऑफर, दोन पाकिटांवर एक मोफत', फोटोसकट. त्या खाली परत श्रद्धांजली. तिने मुद्दाम केलं नव्हतं, एकदम दहा ग्रुपवर टाकताना हे झालं. पण तिथे वाचणाऱ्या सगळ्यांच्या मनात तिचं पाकीट त्या दिवसापासून कुठे जाऊन बसलं असेल? संघाचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, माहेरचा ग्रुप ही आपली बाजारपेठ नव्हे. तिथली माणसं आपल्याला 'नाही' म्हणू शकत नाहीत. नणंदेला रोज कुर्त्याचे फोटो पाठवले की ती एक घेते, दोन घेते, आणि मग फोन उचलायचं टाळते. कुर्ता विकला गेला, नणंद गेली. ज्याला हवं त्याने मागावं, मग आपण यादीत घालावं, आणि नको म्हटलं की त्याच दिवशी काढावं, हे मी पाळते.

सोशल मीडिया नव्हता तेव्हा बायकांनी घरबसल्या व्यवसाय उभे केलेच होते. १९५९ साली गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचा पुढे लिज्जत झाला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीला त्या दोन प्रकारचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला, हलका. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पांनी सांगितलं, पापड एकाच दर्जाचा करा, त्यात तडजोड नको, आणि हिशेब चोख ठेवा. टीव्हीवरची जाहिरात वगैरे सगळं पुढचं. आधी पापड एका मापाचा झाला. आपण मात्र आधी पोस्ट करतो, मग पापडाचा विचार करतो.

मी हल्ली काय करते ते सांगते. तुम्हाला यातलं जे पटेल ते घ्या.

फोटो माझ्याच मालाचा, खिडकीच्या उजेडात काढलेला. तुकडा तांदूळ असेल तर तोही दिसू देते.

किंमत स्टेटसवरच लिहिते, पोचवण्याच्या खर्चासकट. 'किमतीसाठी मेसेज करा' असं लिहिणं मी बंद केलं. दुकानात भाव विचारणाऱ्याला आपण कानात सांगतो का?

जे माहीत आहे तेवढंच लिहिते. 'आंबवड्याचा इंद्रायणी, या वर्षीचा, गिरणीवर भरडलेला. शेतात रासायनिक खत वापरलं आहे.' ही शेवटची ओळ लिहिताना पहिल्यांदा हात थरथरला होता. त्याखाली लिहिते, 'तांदूळ नवा आहे, पाणी कमी घाला. भात मऊ आणि चिकट होतो. मोकळा भात हवा असेल तर हा घेऊ नका.'

खाखरे आणि मिठाईवर केल्याची तारीख. आपल्याकडे मिठाईचा काळ हिवाळ्यात तीस दिवस, उन्हाळ्यात वीस, पावसाळ्यात पंधरा असा आपण पाळतो. घरच्या डब्याला जो नियम तोच विकायच्या डब्याला. उरलं तर 'ऑफर' लावून खपवत नाही.

ज्याचा माल आहे त्याला स्टेटस टाकायच्या आधी वाचून दाखवते. हा नियम मावशींनी घालून दिला, असं मी मानते. त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या, आणि म्हणाल्या, "भाभी, एक राह्यलं. ह्या साली पाऊस लांबला, थोडा तुकडा हाय, त्ये बी लिवा." मी लिहिलं.

आणि सामायिकाच्या ४८ मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत. एक ऑर्डर गेली तर गेली.

याने विक्री वाढली का, असं तुम्ही विचाराल. खरं सांगते, लगेच नाही. पहिला महिनाभर जवळपास शांतता होती आणि जाऊ माझ्याकडे 'सांगितलं होतं ना' अशा नजरेने बघायची. मग ठेवून घेतलेल्या दहा घरांतून हळूहळू मागणी परत आली. या वर्षी मावशींची सहा पोती संक्रांतीच्या आधी गेली, दोन नंतर. त्या कडक मेसेजवाल्या ताईंनी मात्र पुन्हा घेतला नाही. त्यांचा नंबर मी यादीतून काढला आहे, पण त्यांचा मेसेज ठेवला आहे. नवं स्टेटस लिहायला घेतलं की तो एकदा वाचते.

सासऱ्यांनी त्या दिवसाबद्दल मला आजवर एक शब्द विचारलेला नाही. फक्त मागच्या महिन्यात काट्याची तपासणी होऊन नवं प्रमाणपत्र आलं, तेव्हा ते भिंतीवर लावायला त्यांनी खिळा-हातोडी माझ्या हातात दिली.

लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!